पनवेलहून एक दिवस मुंबईत
(सुट्टीतील सहल, डब्यासह)

मुलांना सुट्टी लागली की घरात एकच प्रश्न असतो, "आपण कुठे जायचं?" कुणी महाबळेश्वरला जातो, कुणी गोव्याला. आपल्या घरी मात्र पगाराचे आकडे आधी समोर येतात आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. पण सहल म्हणजे हॉटेल आणि मोटारगाडी, हे कुणी ठरवले? सातव्या शतकात ह्युएनत्संग हा भिक्खू चीनहून निघाला. वाळवंट आणि डोंगर ओलांडून, विहारांत मुक्काम करीत तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याच्यापाशी पैशाची श्रीमंती नव्हती, पाहण्याची आणि लिहून ठेवण्याची होती. आपणही एक दिवस तसे निघून पाहू या, पनवेलहून मुंबईला.

मुंबई आपल्याला नवी नाही, असे कुणी म्हणेल. खरे आहे. आपल्यातले कितीतरी जण रोज पहाटे लोकल पकडून तिकडे कामाला जातात. कुणी सफाईला, कुणी कारखान्यात, कुणी कचेरीत शिपाई. ६ डिसेंबरला आपण सारे कुटुंबच जातो. पण कामाला जाणारा घड्याळ पाहतो आणि ६ डिसेंबरला रांगेत असलेला पुढच्याची पाठ पाहतो. शहर पाहायचे राहूनच जाते. ज्या शहरात बाबासाहेब शिकले आणि राहिले, ते आपल्या मुलांनी निवांत पाहिले पाहिजे.

हार्बरची लोकल १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आली, तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला. सकाळी सातच्या सुमाराची गाडी धरावी. गाडी पनवेललाच सुरू होते, म्हणून बसायला जागा मिळते. रिटर्न तिकीट काढावे. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, बारा वर्षांपर्यंत अर्धे लागते. रविवारी दुपारी बहुधा मेगाब्लॉक असतो. तेव्हा रविवार निवडलात तर जाणे सकाळी लवकर आणि परतणे संध्याकाळी, हे पक्के ठेवा. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या बाटल्या घरूनच घ्या. लहान मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला विसरू नका.

साधारण दीड तासात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येते. बाहेर पडल्यावर लगेच पुढे धावू नका. रस्ता ओलांडून मागे वळा आणि मुलांना ती इमारत वरपर्यंत पाहू द्या. २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. लोक ती पाहायला परदेशातून येतात आणि आपण तिच्याखालून मान खाली घालून पळतो!

तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याने पायी निघा. याच रस्त्यावर आनंद भवन आणि बुद्ध भवन या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या इमारती आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना बाबासाहेबांनी १९४५ मध्ये केली आणि १९४६ मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले. सुट्टीच्या दिवशी दार बंद असले तरी पाटी बाहेरून वाचता येते. मुलांनाच ती मोठ्याने वाचायला सांगा. बँका आणि पेढ्यांच्या या भागात बाबासाहेबांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी वर्ग उघडले, हे त्यांना तिथेच उभे राहून समजावून द्या.

पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मारक पाहून काळा घोड्याकडे चालत जा. तिथे डाव्या-उजव्या बाजूच्या इमारतींत एल्फिन्स्टन महाविद्यालय शोधा. १९०८ मध्ये बाबासाहेबांनी या महाविद्यालयात प्रवेश घेतला. केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शिकवणीच्या फीसाठी कुरकुरणाऱ्या आपल्या घरांत या २५ रुपयांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली पाहिजे.

जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते सकाळी सव्वादहाला उघडते. दिवसभरात तिकिटाचा खर्च इथेच आहे, पण तो वाचवू नका. दुसरीकडची आइस्क्रीम वाचवा. येथे सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. नालासोपारा म्हटले की आपल्याला लोकलची गर्दी आठवते. त्याच गावी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अशोकाचा धम्मलेख कोरलेला होता! सिंधमधील मीरपूर खासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि गांधारची शिल्पेही इथे आहेत. सगळी दालने एका दमात पाहायचा हट्ट धरू नका. मुले थकली की काहीच लक्षात राहत नाही. बुद्धशिल्पे आधी, बाकीचे जमेल तसे.

दुपारी दहा मिनिटे चालून गेटवेला जा. समुद्राची हवा घेत डबा खा. कागद आणि साली मात्र पिशवीतच परत आणा. तिथला कचरा उचलणारा आपलाच कुणी भाऊ किंवा बहीण असते.

नंतर बेस्टच्या बसने पुन्हा टर्मिनसवर या आणि मध्य रेल्वेची स्लो लोकल धरून दादरला उतरा. आधी पूर्वेला, हिंदू कॉलनीत, 'राजगृह' पाहा. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून जवळजवळ बावीस वर्षे राहिले. घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून बांधले. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू जपलेल्या आहेत. आत हळू बोलावे. दोन खोल्यांत अभ्यास होत नाही, असे म्हणणाऱ्या मुलाला आपण वेगळे काही सांगायची गरज उरणार नाही.

मग पूल ओलांडून पश्चिमेला, शिवाजी पार्कवरून चैत्यभूमीला. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच किनाऱ्यावर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला. १९७१ मध्ये मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. एरवीच्या दिवशी इथे गर्दी कमी असते. सांचीच्या धर्तीवरचे तोरण नीट पाहता येते, आजी-आजोबांना शांत बसून वंदना घेता येते. दिवसभर पाहिलेल्या जागांची नावे इथेच मुलांकडून म्हणून घ्या.

परतताना दादरहून कुर्ल्याला उतरा आणि हार्बरची पनवेल गाडी धरा. कामावरून सुटलेल्यांच्या गर्दीत सापडू नये म्हणून शक्यतो सुट्टीचाच दिवस निवडा.

हिशेब मांडला तर गाडीचे तिकीट, बसचे भाडे आणि वस्तुसंग्रहालयाचे तिकीट, एवढाच खर्च. बाकी सारे पायांच्या जोरावर. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाकडून वहीचे एक पान लिहून घ्या: काय पाहिले, काय आवडले, काय कळले नाही. जे कळले नाही ते पुढच्या सुट्टीपर्यंत वाचून काढायचे. आणि पुढच्या सुट्टीला? बोरिवलीजवळची कान्हेरीची लेणी वाट पाहत आहेत. तिथेही डबा घरूनच न्यायचा!