थांब्यावरचा पडदा आणि आपला ऊस



पूर्वी एस.टी. हॉटेलाशी थांबली की कंडक्टर दारातून ओरडायचा, "दहा मिनिटं गाडी थांबंल, चहापाणी उरका!" उतारू खाली उतरत, चूळ भरत, भज्यांची पुडी घेत. हॉटेलाच्या भिंतीवर साबणाची, बिडीची, चहाची पत्र्याची पाटी ठोकलेली असे. एकदा रंगवली की ती पाटी आठ-दहा वर्षे तशीच राही. तिचा रंग उडे, कडा गंजत. पण ती कधी हलली नाही की बोलली नाही.

आज आपल्या भागातून जाणाऱ्या महामार्गावर, म्हणजे जुन्या ४ नंबरच्या आणि आता ४८ नंबर म्हणतात त्या रस्त्यावर, थांब्यांचे रूप पार पालटले आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा खुला झाला. त्यावरच्या फूड मॉलचे पाहून सगळीकडेच तसे थांबे उभे राहिले. या थांब्यांवर पाटीच्या जागी आता डिजिटल पडदे आले आहेत. खाण्याच्या काउंटरवर पडदा, पाणी प्यायच्या जागी पडदा, पेट्रोल पंपावरही पडदा. त्यावर दिवसभर जाहिराती फिरत असतात. कोणी म्हणेल, याचा ऊसवाल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो पैशाचाही आहे व जिवाचाही आहे. म्हणून हा लेख.

बाटलीत ऊस किती?

मागे आम्ही पाचजण जीपने पुण्याहून परतत होतो. वाटेत एका मोठ्या थांब्यावर चहाला उतरलो. समोरच्या पडद्यावर थंड पेयाची बाटली फसफसत होती. आमच्यातले एक जुने सभासद ती बघत बसले आणि म्हणाले, "आरं, ह्यात पाणी सोडलं तर बाकी आपलाच ऊस हाय की! मग आपलं नाव कुठंय?" सगळे हसले. पण तात्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही तिथेच कागदी रुमालावर हिशेब मांडला.

साध्या गोड थंड पेयात दर १०० मिलिलीटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलीटरच्या बाटलीत धरा ३२ ग्रॅम. उतारा १०.२५ टक्के धरला तर एवढ्या साखरेला ऊस लागतो सुमारे ३१२ ग्रॅम. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने या उताऱ्याला एफआरपी ठरवली क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे किलोला ३ रुपये ५५ पैसे. त्या भावाने बाटलीतल्या उसाची किंमत झाली १ रुपया ११ पैसे. बाटली किती रुपयांना घेतली ते ज्याचे त्याने आठवावे. बाकीचे पैसे कारखानदारी, बाटली, वाहतूक, कर, दुकानदार यांत वाटले जातात. त्यातलाच एक वाटा त्या पडद्याचा असतो. घेणाऱ्याच्या मनात त्या पेयाचे नाव ठसवण्याची ती किंमत आहे.

बाहेर पंपावर आमच्या जीपशेजारी एक मोटार पेट्रोल भरत होती. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. त्या इथेनॉलात मक्याचा, तांदळाचा वाटा आहे, तसा उसाचाही आहे. म्हणजे आत माणूस ऊस पितो आणि बाहेर मोटारही पिते. पण ऊस पिकवणाऱ्याचे नाव दोन्हीकडे नाही.

पडदा विकतो काय?

पडदा चालतो कसा, हे आधी समजून घेऊ. आतला पडदा आपल्या घरच्या टीव्हीच्याच जातीचा असतो. उन्हातला मोठा फलक एलईडीचा. लाल, हिरव्या आणि निळ्या बारीक दिव्यांचे हजारो ठिपके मिळून त्यावर चित्र उमटते. मागे एक छोटी पेटी असते, तिला इंटरनेट जोडलेले असते. मुंबईतल्या किंवा बंगळूरातल्या कचेरीत बसलेला माणूस बटण दाबतो आणि इथले चित्र बदलते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी थंड पेय, रात्री जेवणाचे ताट. पत्र्याच्या पाटीला हे जमत नव्हते.

पडद्याचा मालक जागा विकत नाही, वेळ विकतो. समजा बारा जाहिराती आहेत आणि प्रत्येकीला दहा सेकंद. दोन मिनिटांत एक फेरा पुरा. तासाला तीस फेरे. जो प्रवासी वीस मिनिटे टेबलाशी बसला त्याला प्रत्येक जाहिरात दहा वेळा दिसली, त्याने बघायचे ठरवलेले असो वा नसो. तो बसलेला आहे, खिशात पैसे आहेत, पुढे खाण्याचे काउंटर आहे. अशा माणसाची नजर मिळावी म्हणून कंपन्या पैसे मोजतात. थांब्याच्या मालकाला त्यातून भाडे किंवा उत्पन्नाचा हिस्सा मिळतो.

म्हणजे मुख्य गोष्ट ही की, हा पडदा थांबलेल्या माणसासाठी आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपली साखर पडद्यावर का नाही?

बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग कारखान्यानेही पडदा भाड्याने घ्यावा आणि साखरेची जाहिरात करावी काय? इथे घाई नको.

आपली साखर निविदेने व्यापाऱ्याला जाते, ५० किलोच्या पोत्यातून. पोत्यावर कारखान्याचे नाव असते, पण पोते फोडून किराणा दुकानदाराने डब्यात ओतले की ती नुसती एस-३० किंवा एम-३० राहते. कोणत्या गावची, कोणत्या सहकाराची, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. अशा बिननावाच्या मालाची जाहिरात करणे म्हणजे पाटाला पाणी सोडायचे आणि वाफ्याचे दार मात्र बंद ठेवायचे. पैसा वाहून जाईल, पिकाला काही मिळणार नाही.

सहकारातच दुसरे उदाहरण पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातले गोकुळ आणि वारणा दूध मुंबईकराला नावाने ठाऊक आहे. का? पिशवीवर नाव आहे म्हणून. ती पिशवी सकाळी घरात येते, नाव डोळ्यांपुढे राहते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे त्या नावाला कायद्याने संरक्षण लाभले. आधी नाव, मग बांधणी, मग मांडणी आणि शेवटी जाहिरात, असा हा क्रम आहे. क्रम उलटा केला तर नुकसानच.

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे. किलोची, अर्ध्या किलोची पाकिटे बांधायची असतील तर ती पहिल्यांदा महामार्गावरच्या दहा-पाच दुकानांत ठेवून बघावीत. प्रवासी घरी जाताना काहीतरी नेतोच. चिक्की नेतो, चिवडा नेतो. पाकीट खपते असे दिसले तर त्याच दुकानाच्या आतल्या पडद्यावर महिनाभर दहा सेकंद घ्यावेत आणि त्या महिन्याचा खप आधीच्या महिन्याशी ताडून पाहावा. वाढलेल्या खपातला नफा पडद्याच्या भाड्याहून अधिक आला तर पुढे जावे, नाहीतर थांबावे. वजनकाट्यावर जशी भरली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही तोलतो, तसेच हे. एकच वजन घेऊन ऊस किती ते कळत नाही.

पडद्याचे तोंड कोणीकडे?

आता जिवाच्या गोष्टीकडे वळू. थांब्याच्या आत लावलेला पडदा एक, आणि थांब्यावरून रस्त्याकडे तोंड केलेला पडदा दुसरा. आत बसलेल्याने चित्र बघितले तर फार तर चहा गार होईल. चालत्या गाडीवाल्याने बघितले तर काय होते, ते आकड्यांत पाहा.

ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली तर ४४ मीटर. चार फुटी सरी धरली तर सलग ३६ सऱ्या डोळे मिटून आडव्या ओलांडण्यासारखे झाले. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या संशोधकांनी १०० मोटारींत कॅमेरे बसवून वर्षभर पाहणी केली. २००६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की रस्त्यावरची नजर दोन सेकंदांहून अधिक काळ हटली की अपघाताचा किंवा अपघात थोडक्यात टळण्याचा संभव निदान दुप्पट होतो. त्याच देशात रस्त्यालगतच्या डिजिटल फलकांसाठी २००७ साली केंद्राच्या महामार्ग खात्याने एक चित्र आठ सेकंद ठेवावे अशी शिफारस केली. व्हर्मांट राज्याने तर १९६८ सालीच रस्त्यालगतचे मोठे जाहिरात-फलक बंद करण्याचा कायदा केला.

हंगामात रात्री त्या ४४ मीटरांत काय असते, हे आपल्याला सांगायला नको. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो. मागे वाढे लोंबत असतात, त्यात लाल दिवा झाकला गेलेला असतो. कधी टायर बसलेला असतो, कडेला दगड लावून गाडी उभी असते आणि ड्रायव्हर जॅक शोधत असतो. तोडणी टोळीतल्या माणसाची बैलगाडी असते, तिच्यावर बाई लेकरू घेऊन बसलेली असते. झगझगीत पडद्यावरून नजर काढून अंधारात वळवली की डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पुढची गाडी दिसत नाही.

दोष एकट्या पडद्याचा नाही. रिफ्लेक्टर न लावणारे, ट्रॉलीला दिवा नसणारे आपल्यातच आहेत. कारखाना दरवर्षी रिफ्लेक्टरची लाल कापडे वाटतो आणि ती काहींच्या घरी खुंटीला राहतात. पडदेवाल्याला बोल लावण्याआधी आपली ट्रॉली मागून बघावी. वाढ्याच्या खाली दिवा दिसत नसेल तर वाढे कापून टाकावे. तेवढ्या वैरणीने गोठा ओस पडत नाही.

जमीन रस्त्यालगत असेल तर

आपल्यापैकी बऱ्याच जणांची जमीन महामार्गाला लागून आहे. कोणी मोटारीतून येतो, कोपऱ्यातला अर्धा गुंठा मागतो, वर्षाचे भाडे सांगतो. अर्ध्या गुंठ्यात ऊस किती होतो हे माहीत असल्यामुळे आकडा मोठा वाटतो आणि सही होते. सही करण्याआधी दोन दिवस आठवावेत.

१७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर जाहिरातीचा लोखंडी सांगाडा वादळात कोसळला आणि आडोशाला थांबलेल्यांपैकी पाचजण गेले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य फलक पडला, १७ जणांचा बळी गेला. महानगरपालिका जास्तीत जास्त ४० फूट बाय ४० फुटांना परवानगी देते. तो त्याच्या कितीतरी पट मोठा होता. हे दोन्ही साधे फलक होते, डिजिटल नव्हे. पण सांगाडा तोच, वारा तोच, आणि एलईडीचे वजन कापडी फ्लेक्सपेक्षा जास्तच. उंच वाढलेला आडसाली ऊस वादळात कसा लोळतो ते आपण पाहतो. फलकही तसाच वारा धरतो. फरक इतकाच की ऊस लोळला तर उतारा घटतो, फलक लोळला तर माणूस जातो.

तेव्हा करार करताना निदान एवढे विचारावे :

१. परवानगी कोणाची आणि कोणाच्या नावे? महामार्गाच्या हद्दीत परवानगीशिवाय काही उभारता येत नाही. २००२ चा केंद्राचा कायदा त्यासाठी आहे. आपल्या हद्दीतही स्थानिक प्राधिकरणाची आणि महसूल खात्याची चौकशी लेखी करावी.

२. सांगाडा किती वारा सोसेल याचा अभियंत्याचा दाखला आहे काय, आणि तो दरवर्षी नवा होणार काय?

३. विमा कोणाचा? पडल्यास जबाबदारी जागामालकावर ढकलणारे कलम तर नाही ना?

४. पडद्याचे तोंड कोणीकडे, रात्री उजेड कमी होणार काय, हलते चित्र लावणार काय?

५. मुदत संपल्यावर लोखंड कोण काढणार? ते नाही ठरले तर सांगाडा शेतात राहतो आणि भाडेकरू सापडत नाही.

करार इंग्रजीत असेल तर मराठीत करून मागावा. वाचून दाखवायला गावात शिकलेली पोरे आहेत. लाजू नये.

शेवटी

सुधारणेला आपला विरोध कधीच नव्हता. प्रवरानगरला देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्याला यंत्र कळत नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. पडदाही एक यंत्रच आहे. त्याचा उपयोग कळला तर तो आपला, नाहीतर आपण त्याचे. थांबलेल्या माणसापुढे तो खुशाल लावावा, त्यावर उद्या आपले पाकीटही दिसो. चालत्या माणसाच्या डोळ्यांत मात्र तो घालू नये. आपल्या जमिनीवरून तर मुळीच नाही, कारण त्याच रस्त्याने रात्री आपलाच पोरगा ट्रॅक्टर घेऊन गव्हाणीकडे येत असतो.

त्या दिवशी निघताना तात्यांनी रुमालावरचा हिशेब घडी घालून खिशात ठेवला. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "नाव लागंल तवा लागंल. आधी घरी गेल्यावर ट्रॉलीचा मागचा दिवा बघतो." ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्या प्रत्येक सभासदाने आज संध्याकाळी तेवढे करावे, ही विनंती.