पट्टा मोठ्यांचा, प्रवासी लहान

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने आम्ही सहकुटुंब जर्मनीत गेलो होतो. अमेरिकेत राहणारा धाकटा भाऊही आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन तेथे आला. गाडी भाड्याने घेताना त्याने अमेरिकेहून आणलेली बूस्टर सीट दाखवून सहज विचारले, "ही चालेल ना?" खिडकीतल्या बाईंनी सीट उलटी करून पाहिली आणि मान हलवली. सीट नवी होती, मोडतोड काहीच नव्हती, पण तिच्यावर हवे ते लेबल नव्हते. भाऊ वैतागून म्हणाला, "मुलगी तीच, सीट तीच. देश बदलला म्हणून सुरक्षितता बदलते का?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी बूस्टर सीट नेमके काय करते ते पाहू.

समजा, ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली. मंदन झाले १४० मीटर प्रति सेकंद वर्ग. जडत्वामुळे आतले मूल मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. वीस किलो वजनाच्या मुलाला थांबवण्यासाठी २० × १४०, म्हणजे २८०० न्यूटन बल लागेल. सुमारे २८५ किलोचे ओझे उचलण्याइतके हे बल आहे. आईने मुलाला मांडीवर कितीही घट्ट धरले, तरी तिचे हात एवढे बल लावू शकत नाहीत. हे काम पट्ट्यानेच करायला हवे.

आज मोटारींत असलेला तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ साली तयार केला. त्याचा एक भाग छाती व खांद्यावरून जातो आणि दुसरा ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडांवर बसतो. बल मजबूत हाडांनी झेलावे, हे त्यामागचे तत्त्व. मात्र त्याची मापे मोठ्या माणसाची आहेत. लहान मुलाच्या बाबतीत वरचा पट्टा गळ्यावर येतो. मोटारीची बैठक खोल असल्याने मुलाचे गुडघे कडेवर वळत नाहीत, म्हणून ते पुढे घसरून बसते आणि खालचा पट्टा हाडांवरून सरकून पोटावर चढतो. मुलांची कमरेची हाडेही पुरती वाढलेली नसतात, त्यामुळे पट्टा अडून राहत नाही. अशा वेळी धडक झाली, तर सारे बल यकृत, आतडी आणि पाठीचा कणा यांच्यावर येते.

बूस्टर सीट मुलाला उचलून पट्ट्याच्या मापात बसवते. ती स्वतः मुलाला बांधत नाही, ते काम गाडीचा पट्टाच करतो. म्हणून ज्या पट्ट्याला खांद्याचा भाग नाही, तेथे बूस्टर वापरता येत नाही. विमानातील पट्टा फक्त कमरेचा असतो; त्यामुळे प्रवासभर बूस्टर सामानातच ठेवावी लागते.

आता लेबलाकडे वळू. सीट चांगली आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही, ते चाचणीवरूनच ठरते. युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचे नियम क्रमांक ४४ आणि १२९ लागू आहेत. तेथे विक्रीपूर्वी शासकीय यंत्रणेची मान्यता लागते. अमेरिकेत संघराज्याचे मानक क्रमांक २१३ आहे. त्यात उत्पादक स्वतः चाचणी घेऊन प्रमाणित करतो आणि सरकार नंतर तपासू शकते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचे मिळून १७५४ क्रमांकाचे तिसरेच मानक आहे. चाचणीची बैठक, बाहुले, वेग यांत फरक आहेत. म्हणजे अमेरिकन सीट वाईट आहे असे नाही. ती जर्मनीच्या परीक्षेला बसलेलीच नाही, एवढेच. कायदा आपल्या परीक्षेचाच दाखला मागतो.

युरोपातला हा दाखला ओळखणे सोपे आहे. लेबलावर वर्तुळात ई हे अक्षर आणि एक आकडा असतो : १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ११ ब्रिटन. हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा. हे नियम पाळणाऱ्या इतर देशांतही ती मान्यता चालते. नियम ४४ ची सीट असेल, तर मान्यता क्रमांक ०३ किंवा ०४ ने सुरू व्हायला हवा. त्याआधीच्या सीट आता चालत नाहीत.

दाखल्यानंतर प्रश्न येतो मुलाच्या मापाचा. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी योग्य आसन आवश्यक ठरवले, पण देशांना ही मर्यादा १३५ पर्यंत खाली आणण्याची मुभा दिली. जर्मनीत १२ वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत आसन लागते, ब्रिटनमध्ये १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर. जे आधी होईल ते. फ्रान्समध्ये मर्यादा १० वर्षांची आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा.

म्हणजे १४० सेंटिमीटर उंचीच्या दहा वर्षांच्या मुलाला लंडनमध्ये बूस्टर लागत नाही, बर्लिनमध्ये लागते. ब्रिटनमध्ये टॅक्सीचालकाकडे योग्य आसन नसेल, तर त्याशिवाय नेण्याची सवलतही आहे. पण धडकेच्या वेळी २८०० न्यूटनचे बल गाडी टॅक्सी आहे की खासगी, हे पाहत नाही. कायदा किमान मर्यादा सांगतो. पट्टा अंगावर नीट बसतो की नाही, हे आपल्यालाच पाहावे लागते.

भारतातही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-बी आले. १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बाल-आसनात सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंड आहे. तेव्हा हा विषय केवळ परदेशी जाणाऱ्यांचा नाही.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. भिंतीवर १३५ आणि १५० सेंटिमीटरवर दोन रेघा मारा आणि कोणती मुले दोन्हींच्या मध्ये येतात ते पाहा. मग उभ्या असलेल्या मोटारीच्या मागच्या बैठकीवर त्यांना एकेक करून बसवा. पाठ पूर्ण टेकली का? गुडघे कडेवर वळले का? वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जातो का? खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी आहे का? मूल असेच प्रवासभर बसू शकेल का? पाचही उत्तरे होकारार्थी असतील, तरच पट्टा त्या मुलाच्या मापाचा झाला.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. देश बदलला म्हणून सुरक्षितता बदलत नाही. तिचा पुरावा मात्र देशागणिक वेगळा मागितला जातो. त्या दिवशी आम्ही तेथूनच ई अक्षराची सीट भाड्याने घेतली. पुतणीला तीत बसवले, पट्टा खांद्यावर आणि कमरेवर नीट आला आहे हे पाहिले, आणि मगच गाडी सुरू केली.