पंधरा मिनिटांची सनद
ज्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेथे अथवा शेजारच्या कर्जतमध्ये, दप्तराची नक्कल अन्यत्र असावी हे कोणास पटवून देण्याचे कारण नाही. परंतु जे दप्तर ॲमेझॉनच्या मुंबई विभागात, कुबरनेटीसच्या कंटेनर-समूहात नांदते, त्याची नक्कल घेणाऱ्या वेलेरो या साधनास हुकूम सोडण्यापूर्वी समूहात प्रवेशाची सनद लागते. ही सनद एखाद्या स्क्रिप्टकडूनच लिहवून घ्यावी: समूहाचा पत्ता, त्याचे प्रमाणपत्र आणि ओळख पटविणारी आज्ञा ती स्क्रिप्ट कुबकॉन्फिग फाइलीत नोंदविते, व त्या आज्ञेने मिळणारे टोकन १५ मिनिटांत बाद होते, हा बंदोबस्त मला फार शहाणपणाचा वाटतो. स्थापनेवेळी वेलेरोस रूढीने समूहाचे सर्वाधिकार मिळतात (आळसाने ते तसेच राहतात). निदान नकलांच्या भांडाराची मुखत्यारी तरी त्या एका भांडारापुरतीच द्यावी.