वाहत्या पाण्याचा जोर : समुद्रातला आणि उल्हासच्या पुरातला

समुद्रातील प्रवाहाला विरोध न करता त्याच्याबरोबर वाहत जाऊन पाण्याखालचा प्रदेश पाहण्याच्या पद्धतीला ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ म्हणतात, आणि तिचे सारे शास्त्र सापेक्ष वेगावर उभे आहे. पाणी शरीरावर किती जोर लावणार हे पाणी आणि शरीर यांच्या वेगांतील फरकावर ठरते, आणि हा फरक दुप्पट झाला की जोर चौपट होतो. प्रवाहाबरोबर मोकळेपणाने जाणाऱ्या पाणबुड्याच्या बाबतीत हा फरक जवळजवळ शून्य असल्याने ताशी तीन-चार किलोमीटरच्या ओढीतही त्याला फारसे श्रम पडत नाहीत. मात्र त्याने खडक धरून थांबायचे ठरवले, तर तेच पाणी त्याच्या तोंडावरचा मास्क ओढू लागते.

म्हणून अशा वेळी बोट नांगर टाकत नाही, तर पाणबुड्यांच्या मागोमाग जाते. वर येण्यापूर्वी पाणबुडा दोरीला बांधलेली, हवा भरून ताठ उभी राहणारी भडक रंगाची नळी पृष्ठभागावर सोडतो आणि तांडेल तिच्यावर नजर ठेवतो. हवामान बदलले की अडचण पाण्याखाली कमी आणि वर अधिक होते, कारण पाणबुड्याला प्रवाह नेतो, तर बोटीच्या उंच बाजूंना वारा ढकलतो. पहाटेचा मतलई वारा पडून दुपारी खारा वारा सुटला, की या दोघांच्या वाटा फाकतात. त्यातच ओहोटीचे पाणी वाऱ्यासमोर आले, तर लाटा आखूड व उभ्या होऊन ती नळी त्यांच्याआड दिसेनाशी होते. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जे स्कूबा घडवतात, ते नांगरलेल्या बोटीच्या आसपास, उथळ पाण्यात आणि प्रशिक्षकाच्या हाताला धरून असते; त्यावरून वाहत्या पाण्याची कल्पना येत नाही.

ती यायची असेल तर बदलापूरला पावसाळ्यात उल्हास पाहावी. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूरवरून कल्याणच्या खाडीकडे जाते, आणि भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही आटत नाही. पुरात मात्र तिच्यात न हलणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात : पुलांचे खांब, बुडालेली झाडे, कुंपणाच्या तारा. अंगाचा अर्धा चौरस मीटर भाग पाण्यासमोर असलेला माणूस जागच्या जागी उभा राहिला, तर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी त्याला सुमारे २५ किलो वजनाइतके रेटते, दोन मीटरला १०० आणि तीन मीटरला सव्वादोनशे किलोइतके. झाडाच्या फांद्यांतून पाणी निसटून जाते, माणूस मात्र तिथेच दाबला जातो. समुद्रात जे वाहून जाणे सुरक्षित, तेच नदीत या अडथळ्यांवर नेऊन घालते.

बदलापूरचे बॅरेज हे याहून फसवे उदाहरण. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते. त्या पट्ट्यात जलपर्णीचा झुबका आणि प्लास्टिकच्या बाटल्या पुढे न सरकता तिथल्या तिथे गरगरताना दिसतात. त्यांच्या जागी माणूस असला तर त्याचेही तेच होते, शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने तरंगायला आधारही कमी मिळतो. किनाऱ्यावरून हे पाणी शांत वाटते, हीच त्यातली खरी मेख.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान याच नदीच्या पुराने वेढली गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एनडीआरएफच्या बोटींनी सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. मदतीसाठी नौदलाची पाणबुड्यांसह पथके आणि हेलिकॉप्टरेही धाडण्यात आली होती. समुद्रावर डोक्यावरचे आभाळ पाहून निर्णय घेता येतो. नदीकाठी मात्र कर्जत आणि माथेरानच्या उतारांवरचा पाऊस काही तासांनी खाली पोहोचतो, त्यामुळे इथे उघडीप असतानाही पाणी चढत राहते. अंबरनाथ-उल्हासनगरातली वालधुनी तर आखूड आणि काठ आवळलेली असल्याने याहूनही लवकर फुगते, आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेल्या तिच्या पाण्यात पाणबुड्याला दृश्यता नावाची गोष्टच उरत नाही.

अशा प्रवाहात बचावाचा दोर या काठावरून त्या काठावर काटकोनात ताणला, तर त्याला धरलेला माणूस मधल्या झोळात अडकतो. तिरपा ताणला, तर पाण्याचाच रेटा त्याला दोरावरून सरकवत खालच्या काठाला लावतो. बचाव करणाऱ्याच्या जाकिटाला पाठीमागे अडकवलेला दोर छातीवरच्या बकलाची मूठ एका झटक्यात ओढताच सुटेल असा असावा लागतो, कारण दोराने रोखून धरलेल्या शरीरावरही पाणी तोच चौपटीचा हिशेब लावते.