कुलाब्याचं अफगाण चर्च

नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी बहलोलखानाच्या फौजेवर सात घोडेस्वार तुटून पडले, ही गोष्ट आमच्या भागात शाळेत जाण्याआधीच कानावर पडते. याच गडहिंग्लज-आजऱ्याकडची कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी मुंबईत आहेत. त्यांनी एखाद्या सुट्टीत कुलाब्याच्या दक्षिणेला, नेव्ही नगरच्या रस्त्याला जावं. तिथेही लढाईत पडलेल्यांचं एक स्मारक आहे. ते चर्चच्या रूपात आहे, एवढंच.

सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे त्याचं खरं नाव. लोक मात्र अफगाण चर्चच म्हणतात. 1838 ते 1842 या काळात इंग्रजांनी काबूलवर स्वारी केली आणि जबर मार खाल्ला. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून माघारी निघालेली फौज डोंगरातल्या बर्फात जवळजवळ संपली. पाठोपाठ सिंधची मोहीम झाली. या मोहिमांत मेलेल्यांसाठी कुलाब्याच्या छावणीत चर्च बांधायचं ठरलं. 1847 मध्ये पायाभरणी झाली. जागा देताना सरकारने अट घातली, की मनोरा समुद्रातून येणाऱ्या जहाजांना दिसला पाहिजे. स्मारकाकडूनही काम करून घ्यायचं, हा कंपनी सरकारचा अस्सल हिशेबीपणा!

विलायतेहून आलेला आराखडा खर्चाला झेपणारा नव्हता. शेवटी इथल्याच हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने चर्च रचलं. मुंबईला विहार तलावाचं पाणी देण्याच्या योजनेमागचा माणूस तोच. पाणीवाल्याने चर्च बांधावं याचं नवल वाटतं, पण इमारत पाहिल्यावर शंका उरत नाही.

नमुना इंग्लंडमधल्या जुन्या गावचर्चचा, तेराव्या शतकातल्या गॉथिक धाटणीचा. आपल्या देवळाशी ताडून पाहिलं तर मांडणी लगेच उमगते. लोकांनी बसायचा लांबलचक भाग म्हणजे सभामंडप, आणि पूर्वेच्या टोकाला वेदी असलेला अरुंद भाग म्हणजे गाभारा. मंडपाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, त्यांच्या पलीकडे दोन पडव्या. कमानी टोकदार असतात, त्याला कारण आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरून जाते. टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच नेता येते, शिवाय बाजूला कमी रेटा देते. उरलेला रेटा पेलायला भिंतींना बाहेरून दगडी धिरे असतात. वर उतरतं लाकडी छत. कोकणच्या पावसाला हे उतरतं छप्पर लंडनइतकंच मानवतं.

आतली सजावट विल्यम बटरफिल्डची. लंडनमध्ये रंगीत विटा आणि फरशांचं काम करून गाजलेला हा वास्तुकार. वेदीमागची नक्षी आणि पायाखालच्या भौमितिक फरशा निवांत पाहाव्यात. पूर्व-पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या.

7 जानेवारी 1858 रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चचं प्रतिष्ठापन केलं, तेव्हा मनोऱ्याचं शिखर झालेलंच नव्हतं. पैसे संपले होते. सरकारची अट पुरी व्हायला 1865 उजाडलं. सुमारे 60 मीटर उंचीचं ते टोक पुरं व्हायला पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांची देणगी कामी आली. ख्रिस्ती सैनिकांच्या स्मारकावर पारशी पैशाचं शिखर, हे त्या काळच्या मुंबईतच घडावं.

माझं मन मात्र स्मृतिलेखावर अडतं. त्यात अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्यांच्या हाताखालच्या शिपायांविषयी एवढंच म्हटलंय, की ते इतके जास्त होते की नावं लिहिणं शक्य नाही. यांतले कित्येक तलवारीने नव्हे, आजारपणाने गेले. मुंबई फौजेत मराठी मुलखातले शिपाईही होते. अवघी इमारत उभारायला दगड पुरला, नावांना पुरला नाही. अर्थात प्रतापरावांच्या सहा साथीदारांची नावं आपल्यापैकी किती जणांना पटकन सांगता येतील, हाही प्रश्न आहेच.

जायचं तर सकाळी जा. पूर्वेच्या खिडकीत तेव्हाच ऊन असतं. आणि खिडकी पाहून झाली की स्मृतिलेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.