हाड जुळल्यानंतरचा ठणका

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलगाड्या शेजारून जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर कोसळले, तेव्हा मृतांची संख्या वर्तमानपत्रांत छापून आली, चौकशीची तजवीज झाली, आणि जखमींची नावे इस्पितळांच्या दप्तरी रुजू झाली. अशा जखमींची, तशीच घोडबंदर रस्त्यावर दुचाकीवरून पडून हाड मोडलेल्यांची, खरी कैफियत पुष्कळदा कित्येक महिन्यांनी सुरू होते: हाड जुळलेले असते, एक्स-रे निर्दोष असतो, घरची मंडळी निर्धास्त झालेली असतात, आणि तरीही ‘पायात रॉड आहे हो’ असे सांगणारा तो मनुष्य डोंबिवली स्थानकाच्या पुलावरून उतरताना कठडा धरून मध्येच थांबतो.

हा ठणका मनाचा खेळ आहे, असे त्याला कोणी सांगू नये. मोडलेले हाड धातूने घट्ट बांधावे, म्हणजे रुग्णाला लवकर हिंडता-फिरता येईल, हे तत्त्व १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आदी शल्यविशारदांनी पद्धतशीरपणे मांडले. तत्पूर्वी १९३९ च्या सुमारास जर्मनीत क्युन्चर यांनी हाडाच्या पोकळीत सळी घालण्याची रीत रूढ करण्यास आरंभ केला होता. वजने लटकावून महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहण्याच्या शिक्षेतून या धातूने असंख्य माणसे सोडवली, हे त्याचे ऋण विसरता येणार नाही. परंतु पोलाद हाडाहून सुमारे दहापट ताठर, टायटॅनियम त्याच्या निम्मे, आणि हा ताठर शेजारी स्नायू, कंडरा व त्वचा यांना सदैव घासत राहतो.

जेथे मांसाचा थर पातळ, तेथे तो प्रथम बोचतो: घोट्याची बाहेरची बाजू, कोपराचे टोक, गुडघ्याची वाटी. हासळीच्या हाडावर प्लेट बसवलेला चाकरमानी सकाळी सॅकचा पट्टा खांद्यावर घेतो, तेव्हा तो पट्टा नेमका स्क्रूच्या डोक्यांवर येतो. बोटाने चाचपले तर कातडीखाली ती एकेक हाताला लागतात. नडगीतील सळी बहुधा वाटीच्या खालून आत शिरवली जाते, म्हणून नमाजासाठी गुडघे टेकताना, साष्टांग नमस्कार घालताना किंवा जमिनीवरून उठताना कळ नेमकी तेथेच येते. पावसाळी हवेत दुखणे वाढते, असे रुग्ण एकमुखाने सांगतात. संशोधकांत त्याविषयी एकवाक्यता नाही, पण रुग्णाची साक्ष मला तुच्छ वाटत नाही.

तथापि सगळाच ठणका धातूचा नसतो. कातडी लाल व ऊन होणे, पू येणे, ताप येणे, रात्री स्वस्थ पडूनही कळ न थांबणे, ही जंतुसंसर्गाची चिन्हे असू शकतात. पाऊल टेकताच वेदना उसळत असेल तर हाड पुरते जुळलेले नसण्याचा किंवा स्क्रू सैल झाल्याचा संभव असतो. अशा वेळी मालिश करून दिवस काढणे घातक ठरते.

प्लेट काढून टाकावी काय, हा प्रश्न मग येतोच. प्रौढांत हाड पूर्ण जुळल्याची खात्री पटल्यावर, बहुधा वर्ष-दीड वर्षाने, ते करता येते. मात्र स्क्रूंची छिद्रे भरून येईपर्यंत हाड दुबळे राहते, आणि कोपर व मनगट यांमधील हाडे अशा वेळी पुन्हा मोडण्याचा धोका विशेष असतो. सळी काढूनही काहींचा गुडघा दुखतच राहतो, हे शस्त्रक्रियेआधीच ऐकून घ्यावे.

जे पुष्कळांना कोणी सांगत नाही, ते येथे मुद्दाम नमूद करतो: स्क्रूंच्या डोक्यांतील खाचा कंपनीगणिक निराळ्या, कोठे षटकोनी, कोठे ताऱ्याच्या आकाराच्या, आणि खाचेत बसेल असाच पेचकस हाती नसेल तर शस्त्रक्रिया लांबते, प्रसंगी स्क्रूचे डोके कापावे लागते. नाशिकला बसवलेली प्लेट कल्याणला काढावयाची झाली, तर तेथील डॉक्टरांना पहिली माहिती तीच हवी असते. म्हणून डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा तपशील आणि इम्प्लांटची स्टिकरे रेशनकार्डाच्याच पिशवीत जपून ठेवावीत, आणि ती मिळाली नसतील तर इस्पितळाकडे अर्ज करून मागून घ्यावीत.