थांबलेल्या पंख्यावरचे नाव

संपादकांनी पाठवले होते हंगामाच्या सणावर लिहायला. नगरच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत भोपळ्याचा लिलाव रंगात आला होता आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावत थांबला, तेव्हा पात्यावरची तांबडी अक्षरे वाचता आली : कुणा आजींच्या स्मरणार्थ, मुलांकडून. मग दिसू लागले की बाकांवर, घड्याळावर, पाण्याच्या टाकीवरही नावे आहेत. भोपळा राहिला बाजूला. मी खजिनदारांना गाठले.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ मध्ये, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथून निघू लागले १८४२ मध्ये, हा इतिहास सणाच्या पत्रिकेवरही छापलेला असतो. खजिनदारांना त्यात रस नव्हता. ते निवृत्त शिक्षक; सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. "पंख्याचं दान सोपं," ते म्हणाले. "देणारा खाली बसून वारा घेतो. अवघड असतं ते आपल्या माघारी द्यायचं."

त्यांच्या कपाटात एक जुनी फाईल आहे. वरच्या कागदावर त्यांच्याच वळणदार अक्षरात 'कलम ११८' असे लिहिलेले. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधले हे कलम. ज्या ख्रिस्ती माणसाला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचे नातलग असत, त्याला धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने मालमत्ता द्यायची तर ते मृत्यूच्या निदान बारा महिने आधी केलेले हवे असे. शिवाय केल्यापासून सहा महिन्यांत ते सरकारी कोठडीत ठेवलेले हवे असे. अकराव्या महिन्यात डोळे मिटले, की दान बाद होई.

या अटीचे मूळ इंग्लंडच्या १७३६ च्या कायद्यात. मरणाच्या भीतीने माणूस पाद्रीच्या सांगण्यावरून घरदार लिहून देईल आणि पोरेबाळे उघडी पडतील, हा त्यामागचा संशय. इंग्लंडने आपला कायदा १९६० मध्ये गुंडाळला. आपल्याकडे तो संशय पुढे चार दशके टिकला. केरळचे फादर जॉन वल्लामट्टम सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २००३ मध्ये सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या खंडपीठाने हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केले.

मला मोह पडला तो त्या सरकारी कोठडीचा. नोंदणी कायद्यात ती व्यवस्था अजून जिवंत आहे. मृत्युपत्र लखोट्यात घालून मोहोर करायची, वर आपले नाव आणि आत कोणत्या प्रकारचा दस्त आहे ते लिहायचे, आणि जिल्हा निबंधकाकडे द्यायचे. तो पाच नंबरच्या वहीत तारीख-वेळ टिपून लखोटा अग्निरोधक पेटीत ठेवतो. ठेवणारा जिवंत असेतो आत काय लिहिले आहे ते निबंधकालाही कळत नाही. मृत्यूनंतर कुणी अर्ज केला, की त्याच्यासमोर लखोटा फुटतो आणि मजकूर तीन नंबरच्या वहीत उतरतो. आता सक्ती नाही, पण मास्तर आजही हाच रस्ता सुचवतात. "पोरांना आधी कळलं, की जेवणात मीठ कमी पडू लागतं."

त्यांचे आणखी नियम आहेत. साक्षीदार दोन, आणि ज्याला काही मिळणार आहे तो त्यांत नको. नाहीतर त्याच्या वाट्याचे दान रद्द होते. विधुराने पुन्हा लग्न केले, तर जुने मृत्युपत्र आपोआप संपते, नवे करायचे. आणि 'आमच्या मंडळीला' असे मोघम लिहायचे नाही. मालमत्ता ज्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असते तिचे नोंदलेले नाव लिहायचे.

इथवर सगळे नीट चालले होते. मग एका सुताराच्या विधवा मावशी आल्या. दोन खोल्या मुलींच्या वसतिगृहाला द्यायच्या, पण कधी विकायच्या नाहीत, अशी त्यांची अट. मास्तरांनी समजावले : खोल्या आल्या की धर्मादाय कार्यालयात नोंद बदलायची, घरपट्टी भरायची, गळके छप्पर शाकारायचे. पैसा नसला तर विकणे भाग. त्यालाही धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. अट जितकी घट्ट, तितकी वास्तू लवकर पडते.

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मास्तर, विकायची वेळ आली तर विकणार कोण? तुम्ही तर असणार नाही."

मास्तर गप्प झाले. चर्चच्या जमिनींचे वाद, विश्वस्तांचे गट, कोर्टाच्या तारखा हे महाराष्ट्रातल्या कुठल्या मंडळीला सांगावे लागत नाही. जुना कायदा मरणाऱ्याच्या मनावर संशय घेत होता. तो गेला, पण संशय राहिला. आता तो देणाऱ्याच्या मनात आहे, घेणाऱ्याबद्दल. न्यायालयाच्या निकालाने हा प्रश्न सुटण्यातला नाही. त्यातून मंडळीतली तरुण घरे पुण्या-मुंबईला गेलेली. हिशेबाची वही पुढे कोण धरणार, हे मास्तरांनाही ठाऊक नाही.

निघताना पाहिले, तर मास्तर दाराशेजारच्या फळ्यावर वर्षाचा हिशेब टाचत होते. लिलावाची रक्कम, वीजबिल, छपराची डागडुजी. मावशी चष्मा नाकावर आणून एकेक ओळ वाचत होत्या. छपराच्या आकड्यापाशी त्यांचे बोट थांबले.

"याची पावती दाखवा," त्या म्हणाल्या.

मास्तर फाईल आणायला आत गेले.